उतारवयातील शारीरिक व बौद्धिक बदल : सीमाभागातील कुटुंबांसाठी माहिती

साठीनंतर शरीर आणि मेंदू दोन्ही बदलतात. काही बदल वयाचे असतात, काही आजाराचे. ‘आता वय झालं, चालायचंच’ असे म्हणून दोन्ही एकत्र केले की उपचार होण्याजोगा आजारही तसाच राहून जातो. बेळगाव-निपाणी भागात यात भाषेचाही प्रश्न येतो. ज्येष्ठांची तपासणी कोणत्या भाषेत होते, यावर निष्कर्ष बदलू शकतो.

शरीरातील बदल

डोळ्यातील भिंग ताठर झाल्याने चाळिशीच्या सुमारास चाळशी लागते. पुढे तेच भिंग गढूळ होते, तो मोतीबिंदू. कानांना आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे चारचौघांत बोललेले नीट कळत नाही आणि माणूस हळूहळू गप्प बसू लागतो. स्नायू कमी होतात. हाडे ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेल्यानंतर स्त्रियांची. म्हणून न्हाणीघरात पाय घसरणे ही या वयात किरकोळ गोष्ट नसते. तहान कमी लागते, त्यामुळे पाणी आठवणीने द्यावे लागते.

आयुष्यभराच्या कामाचाही परिणाम दिसतो. निपाणी परिसरात तंबाखूच्या वखारीत राबलेल्या आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या अनेक स्त्रिया आज उतारवयात आहेत. त्यांची मान-पाठदुखी, खोकला किंवा दम याला केवळ वय कारण आहे असे धरू नये. डॉक्टरांना जुने काम आवर्जून सांगावे.

विसरणे केव्हा साधे, केव्हा काळजीचे?

वयानुसार विचारांची गती मंदावते. ओळखीच्या माणसाचे नाव पटकन ओठावर येत नाही, पण थोड्या वेळाने आठवते. शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली समज बहुधा टिकून राहते. हे स्वाभाविक आहे.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, रोजच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, नेहमीच्या स्वयंपाकातील क्रम विसरणे, स्वभाव पालटणे ही मात्र स्मृतिभ्रंशाची लक्षणे असू शकतात. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे आणि काही औषधे यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात. उपचाराने त्यांत सुधारणा होऊ शकते. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, तर जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियम कमी होणे असे कारण असू शकते. अशा वेळी थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दोन भाषांचे घर

आपल्याकडे घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड हे नेहमीचेच. हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. हा फरक निरक्षरांतही आढळला. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष असे नाहीत, पण दोन भाषा बोलल्याने मेंदूवर ताण येतो ही भीती त्यातून खरी ठरत नाही.

आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि बालपणीची उरते. काल-परवापर्यंत कन्नड बोलणारे आजोबा मराठीतच उत्तर देऊ लागले, तर तो हट्ट समजू नये.

तपासणीच्या वेळी

स्मरणशक्तीच्या चाचणीत ‘आपण कोणत्या राज्यात, कोणत्या गावात आहोत?’ असे प्रश्न असतात. आज ऐंशीच्या पुढे असलेल्यांनी शाळेत मुंबई राज्य पाहिले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला, 1973 मध्ये त्याचे नाव कर्नाटक झाले आणि 2014 मध्ये बेळगावचे बेळगावी. घर न बदलता पत्ता बदलत गेला. त्यामुळे ‘बेळगाव’ हे उत्तर सवयीचे असते आणि ‘महाराष्ट्र’ हे उत्तर कधी मनापासून दिलेले असते. घरच्यांनी तेथेच हे समजावून सांगावे. मात्र आपण शहरात आहोत की गावी, हेच कळत नसेल तर ती गंभीर खूण आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा चाचण्यांचा जो संच प्रथम तयार केला, त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भारतीय भाषा होत्या. मराठी नव्हती. म्हणून तपासणीला जाताना :

- चाचणी मराठीत घेता येईल का, हे आधी विचारावे.
- सोबत दोन्ही भाषा येणारी व्यक्ती असावी. तिने प्रश्न सांगावा, उत्तर सुचवू नये.
- चष्मा व श्रवणयंत्र लावूनच बसवावे.
- शिक्षण किती झाले ते सांगावे. निरक्षर व्यक्तीला वाचन-लेखनाच्या प्रश्नांवरून जोखू नये.
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी, आयुर्वेदिक औषधांसह.
- बदल केव्हापासून आणि कसे दिसले, हे लिहून न्यावे.

घरी रोजचे चालणे, रक्तदाब व मधुमेहावर नियंत्रण, तंबाखू सोडणे आणि माणसांत वावर यांचा शरीर व मेंदू दोन्हींना उपयोग होतो. भजनी मंडळ, वाचनालय किंवा कट्ट्यावरच्या गप्पा सुटू देऊ नयेत. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.