सायकलीचें संगीत



इतिहास शिकवितांना आम्ही मास्तर मंडळी लढायांच्या आणि तहांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतों. परंतु लोक कोणत्या सालीं कशाला हंसले, याची सनावळी कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक ती ठेवण्यासारखी आहे. ज्या गोष्टीची एका पिढीनें टर उडविली, तीच पुढच्या पिढीच्या दिवाणखान्यांत येऊन बसली, असें वारंवार घडत आलें आहे. संगीताच्या इतिहासांतील अशाच एका हंशाची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

सन १९६३ च्या मार्च महिन्यांतील ही गोष्ट. अमेरिकेंत स्टीव्ह ॲलन या विनोदी सूत्रधाराच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत एक बावीस वर्षांचा तरुण मुलाखतीसाठीं आला. अंगांत नीटनेटका कोट, गळ्यांत टाय, बोलणें सौम्य. त्याचें नांव फ्रँक झॅपा. पुढें लांब केस व झुपकेदार मिशा यांमुळें जगभर ओळखला गेलेला रॉक संगीतांतील झॅपा तो हाच. वाद्य म्हणून त्यानें आणल्या होत्या दोन सायकली! सूत्रधारानें विचारलें, आपण सायकल केव्हांपासून वाजवितां? तरुणानें गंभीरपणें उत्तर दिलें, झाले असतील दोनएक आठवडे. सभागृह हंशानें भरून गेलें.

मग त्यानें वादनाचे प्रकार करून दाखविले. चाकाच्या आरा बोटांनीं छेडल्या, काठीनें बडविल्या, त्यांवरून गज फिरविला आणि मुठीच्या नळींत फुंकूनहि पाहिलें. कार्यक्रमाच्या वाद्यवृंदाला त्यानें सांगितलें कीं, आपापल्या वाद्यांतून हवे ते बेसूर आवाज काढा. सोबतीला आधींच तयार करून आणलेल्या ध्वनिफितीवरचे आवाज. सूत्रधार स्वतः दुसरी सायकल घेऊन साथीला उभा राहिला. प्रेक्षकांनीं ही एक उत्तम थट्टा मानली, आणि ती थट्टा होतीहि. परंतु त्या थट्टेच्या पोटांत एक प्रश्न होता : वाद्य कशाला म्हणावें? जें दुकानांत वाद्य म्हणून विकत मिळतें त्याला, कीं ज्याच्याकडे कोणी कान देऊन ऐकतो त्याला?

हा प्रश्न त्या तरुणाच्या डोक्यांतून एकाएकीं निघालेला नव्हता. १९४८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत पॅरिसच्या नभोवाणीवरून पिएर शेफेर नांवाच्या तंत्रज्ञानें आगगाडीच्या खडखडाटाची एक रचना ऐकविली होती. ते आवाज त्यानें तबकड्यांवर मुद्रित करून घेतले व त्यांची पुन्हां पुन्हां जुळणी केली. पुढें चुंबकीय ध्वनिफीत हातीं आल्यावर तें काम सुलभ झालें. फीत पात्यानें कापावी, हवी तेथें सांधावी, उलटी फिरवावी, वेगानें किंवा सावकाश चालवावी. प्रत्येक वेळीं नवा ध्वनि निघतो. संगीतकाराच्या हातीं लेखणीच्या जोडीला कातर आली म्हणावयाची.

झॅपावर खरा संस्कार झाला तो एडगार व्हारेझ या फ्रान्समध्यें जन्मून अमेरिकेंत स्थायिक झालेल्या रचनाकाराचा. तेरा वादकांनीं आघातवाद्यांवर वाजवावयाची, व जींत भोंग्यांचाहि समावेश आहे, अशी व्हारेझची एक रचना झॅपानें शाळकरी वयांत तबकडीवर ऐकली आणि तो वेडावून गेला. पंधराव्या वाढदिवसाला आईनें भेट काय हवी म्हणून विचारलें, तेव्हां त्यानें मागितली व्हारेझला दूर अंतरावरून दूरध्वनि करण्याची मुभा. व्हारेझ घरीं नव्हता. पत्नीशीं बोलणें झालें. पुढें वृद्ध रचनाकाराचें पत्र आलें, तें झॅपानें जन्मभर जपून ठेवलें. या व्हारेझनेंहि हंसें सोसलें होतें. १९५४ सालच्या डिसेंबरांत वाद्यवृंद व ध्वनिफीत यांना एकत्र आणणारी त्याची रचना पॅरिसमध्यें सादर होत असतांना प्रेक्षकांनीं आरडाओरडा केला, आणि तो गोंधळ नभोवाणीवरून देशभर ऐकूं गेला. चारच वर्षांनीं, १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनांत, त्याची केवळ फितीवर रचलेली कृति शेंकडों ध्वनिक्षेपकांतून हजारों लोकांनीं मान उंचावून ऐकली.

सायकलीच्या प्रसंगानंतर झॅपानें १९६४ सालीं कॅलिफोर्नियांतील कुकामोंगा या गांवीं एक लहानसें ध्वनिमुद्रणालय घेतलें. तेथें पांच पदरी मुद्रण करणारें, घरींच बनविलेलें यंत्र होतें. त्यावर रात्रंदिवस बसून तो एका आवाजावर दुसरा आवाज चढवीत असे. पुढें रॉक संगीतांत त्याची कीर्ति झाली. परंतु त्याची एक व्यथा कायम राहिली. त्याच्या डोक्यांतील संगीत कागदावर उतरत असे, पण कागदावरून कानापर्यंत येतांना त्याची दुर्दशा होई. रचना अवघड, वादकांना तालमीला वेळ थोडा, आणि मोठ्या वाद्यवृंदाचा खर्च डोळे फिरविणारा. १९८३ सालीं लंडनच्या नामांकित वाद्यवृंदाकडून त्यानें आपल्या रचना पदरच्या पैशानें मुद्रित करून घेतल्या, तरी त्याचें समाधान झालें नाहीं.

याच सुमारास त्याच्या घरीं सिंक्लाव्हियर नांवाचें यंत्र आलें. डार्टमथ महाविद्यालयांतील मंडळींच्या खटपटींतून तें १९७० नंतरच्या दशकांत जन्मास आलें होतें. ध्वनि म्हणजे हवेचा कंप. त्या कंपाचें माप एका सेकंदांत हजारों वेळां घ्यावयाचें, ते आंकडे स्मरणांत सांठवावयाचे आणि हवें तेव्हां त्यांवरून पुन्हां तोच कंप उत्पन्न करावयाचा, हें त्याचें एक तत्त्व. शिवाय, कोठेंहि अस्तित्वांत नसलेल्या वाद्याचा स्वर निव्वळ गणितानें घडविण्याची सोयहि त्यांत होती. रचनाकारानें स्वर मांडावे आणि यंत्रानें ते तंतोतंत वाजवावे. तालीम नको, खर्चाची घासाघीस नको!

झॅपाचा विनोद येथेंहि सुटला नाहीं. १९८४ सालीं निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेंत कांहीं रचना पिएर बूलेझ या थोर संचालकाच्या वाद्यवृंदानें वाजविलेल्या आणि बाकीच्या या एकट्या यंत्रानें. झॅपानें यंत्रालाहि एका भारदस्त वाद्यवृंदाचें लांबलचक नांव देऊन पाहुण्यांच्या पंक्तीला बसविलें. त्याच वर्षीं अठराव्या शतकांतील फ्रान्सेस्को झॅपा नांवाच्या एका विस्मृत नामबंधूच्या रचना त्यानें यंत्राकडून वाजवून घेतल्या. १९८६ मध्यें, एक गिटारवादन वगळतां सर्वस्वीं यंत्रावर केलेली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. आणि १९८८ सालीं तिला अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तें वाद्यवादनाबद्दल! वादक म्हणून गौरव झाला तो बहुतांशीं एका पेटाऱ्याचा, असें कोणी म्हटल्यास झॅपाच पहिल्यानें हंसला असता.

परंतु येथें हंसणें थांबवून विचार करावयास हवा. यंत्र थकत नाहीं, चुकत नाहीं, वेतनहि मागत नाहीं. मग वादकानें जगावें कसें? हा आक्षेप पोटाचा आहे म्हणून तो क्षुद्र ठरत नाहीं. दुसरा आक्षेप कलेचा. आपल्याकडे नभोवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमला दार बंद केलें, तें उघडावयास १९७१ साल उजाडलें. पेटीचे ठरीव सूर आपल्या श्रुतींना आणि मींडेला मारक आहेत, हें त्यामागील म्हणणें खोटें नव्हतें. तरीहि मैफलींतून पेटी गेली नाहीं. उलट चांगल्या वादकांनीं तिच्यांतूनहि गळ्याची साथ करण्याचा मार्ग काढला. यंत्राची मर्यादा खरी. पण ती ओलांडण्याची माणसाची हिकमतहि तितकीच खरी.

झॅपाच्या आयुष्याचा शेवटचा अंक याचीच साक्ष देतो. कर्करोगानें तो खंगत चालला असतां जर्मनींतील एन्सेंबल मॉडर्न या वाद्यवृंदानें त्याच्या रचना हातीं घेतल्या. १९९२ च्या सप्टेंबरांत फ्रँकफुर्ट येथें त्यांचें सादरीकरण झालें. त्यांत १९८६ च्या त्या यांत्रिक ध्वनिमुद्रिकेंतील एक अतिद्रुत रचनाहि होती. तिची गति मनुष्याच्या हाताला झेपावयाची नाहीं, अशी समजूत होती. ती जिवंत माणसांनीं वाजविली, आणि आजारी झॅपानें स्वतः उभें राहून तिचें संचालन केलें. वादकांना कंटाळून जो यंत्राकडे वळला, त्याला यंत्रानेंच पुन्हां वादकांकडे आणून सोडलें. यंत्रानें माणसाला हांकलून दिलें नाहीं. काय शक्य आहे तें दाखविलें आणि माणसानें तें करून दाखविलें. ४ डिसेंबर १९९३ रोजीं, त्रेपन्नावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, झॅपा वारला.

आतां पुन्हां त्या पहिल्या हंशाकडे येतों. स्टीव्ह ॲलन हंसला हें खरें. पण त्यानें प्रश्न विचारला, उत्तर ऐकून घेतलें आणि दुसरी सायकल स्वतःच्या हातीं घेतली. दार उघडें ठेवणारें हंसणें वेगळें आणि दार लावून घेणारें वेगळें. मीं आयुष्यांत दुसऱ्या प्रकारचें हंसणें एकदां तरी हंसलों आहें. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. कंपासपेटीचें झाकण, पट्टी आणि बाकाची कड यांतून तो निरनिराळे आवाज काढीत बसे. एके दिवशीं मीं वर्गासमोर त्याची नक्कल केली. सारा वर्ग हंसला. मुलानें पेटी दप्तरांत टाकली, ती पुन्हां कधीं वाजली नाहीं. वर्गांत शिस्त आली, आणि मला तेव्हां त्याचें समाधानहि वाटलें.

तो मोठा संगीतकार झाला असता, असें मी म्हणत नाहीं. बहुधा झाला नसता. पण पुढें दूरचित्रवाणीवरील तें सायकलीचें चित्रण पाहिलें, तेव्हां मला तो मुलगा आठवला, आणि वाटलें, नक्कल करण्याऐवजीं आपण त्याला एवढेंच विचारावयास हवें होतें कीं, बाळ, हें तूं केव्हांपासून वाजवितोस?