फवारायचं की नाही, हे कोण ठरवतं?

"शेतकऱ्यांना कळत नाही, म्हणून ते जास्त औषध मारतात." आमच्या हापिसात चहाच्या वेळी हे वाक्य अधूनमधून ऐकू येतं. मला ते पटत नाही. कापसाचा इतिहास थोडा चाळला की वेगळंच दिसतं.

शास्त्राने नियम दिलाय. कीड दिसली की मारा, असं नाही. होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होणार असेल तरच मारा. अमेरिकेतल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी 1959 साली ही कल्पना नीट मांडली. गुलाबी बोंडअळीसाठी आपल्याकडचा आकडा म्हणजे कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग. आमच्यासारख्या प्रोग्रामरला हे बेहद्द आवडतं, सरळ इफ-एल्स!

पण अळी बोंडात शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. डोमकळ्या दिसेपर्यंत पहिली पिढी आत शिरलेली असते. सापळे रोज मोजायला माणूस हवा. शेजाऱ्याने कालच फवारलंय. आणि सल्ला देणारा दुकानदारच बहुधा उधारीही देतो. आता सांगा, थांबण्याची जोखीम कोण घेईल? दोन फवारण्या जास्त झाल्या तर पैसे जातात, एक चुकली तर पीक. हा अडाणीपणा नाही, विमा आहे. महागडा, एवढंच.

एकेकाचा हिशोब बरोबर, सगळ्यांचा मिळून मात्र चुकतो. 1980 च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड्स आली, सुरुवातीला जादूसारखी चालली. सगळ्यांनी तीच मारली. 1987 साली आंध्रात गुंटूर-प्रकाशमकडे पांढरी माशी आणि अमेरिकन बोंडअळी आवरेनात. कर्जात बुडालेल्या काही शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या.

मग 2002 साली बीटी कापूस आला. बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साध्या कापसाचं बी मिळायचं, कडेने लावायला. तिथल्या अळ्या प्रतिकार न आलेल्या राहाव्यात, हा हेतू. बहुतेकांनी ते लावलंच नाही. का लावावं? माझ्या शेतात अळ्यांना खाऊ घालायचं आणि फायदा अख्ख्या तालुक्याला! गुजरातेत गुलाबी बोंडअळीला पहिल्या बीटीचा प्रतिकार आल्याचं 2010 साली जाहीर झालं. काही वर्षांत दुसऱ्या पिढीचं बीटीही तिला पुरेनासं झालं.

2017 चा हंगाम आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कापूस डोक्याएवढा वाढलेला, फवारा वर धरायचा, तो अंगावरच पडायचा. त्यात उकाडा, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. मेलेल्यांत रोजाने फवारणारे मजूरही होते. कोणतं औषध, किती, कशात मिसळून, यातलं काहीही त्यांनी ठरवलेलं नव्हतं.