पणाचा पैसा कोणाचा? : व्यावसायिक गोल्फपटू, जुगार आणि संपत्तीचे दडपण

प्रस्तावना :

भारतीय वाङ्मयाने द्यूताचे दोन प्रकारचे बळी नोंदविले आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तातला जुगारी कर्जबाजारी असून स्वजनांनी त्याला टाकलेले आहे. सभापर्वातला युधिष्ठिर मात्र राजसूय यज्ञ करून वैभवाच्या शिखरावर पोहोचलेला सम्राट आहे. या दुसऱ्या प्रकाराची आधुनिक उदाहरणे व्यावसायिक गोल्फच्या इतिहासात ठळकपणे आढळतात. ‘श्रीमंतांचा खेळ, म्हणून श्रीमंती व्यसने’ असे त्याचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु ते इतिहासाच्या कसोटीवर पुरे पडत नाही. पणाला लागलेला पैसा कोणाचा होता, या प्रश्नाच्या आधारे गोल्फपटू आणि जुगार यांच्या बदलत्या संबंधांचा वेध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पणाच्या सामन्यांचे युग :

गोल्फमधील व्यावसायिकता पैजेतूनच जन्माला आली. इ. स. १८४९ मध्ये सेंट अँड्र्यूजचे ॲलन रॉबर्टसन व टॉम मॉरिस आणि मसलबराचे डन बंधू यांच्यात तीन मैदानांवर सामना झाला. त्याचा पण ४०० पौंडांचा होता. रॉबर्टसन हे पिसे भरलेले चामडी चेंडू तयार करणारे कारागीर होते आणि मॉरिस त्यांच्याच हाताखाली शिकलेले. एवढी रक्कम अशा कारागिरांच्या आवाक्यातील नव्हती. ती लावणारे पाठीराखे धनिक वर्गातील असत. खेळाडूला विजयानंतर त्यातला वाटा मिळे. पुढे १८६० मध्ये ‘ओपन’ स्पर्धा सुरू झाली, तेव्हा विजेत्याला रोख बक्षीस नव्हते. १८६४ मध्ये मॉरिस यांना विजेतेपदाबद्दल ६ पौंड मिळाले. या युगात खेळाडूचे कौशल्य आणि प्रतिष्ठा पणाला लागे. पैसा दुसऱ्याचा असे.

विसाव्या शतकातही ही विभागणी काही काळ टिकली. कोलकात्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कॅलकटा’ या लिलाव-पैजेत प्रेक्षक खेळाडूंवर बोली लावत आणि विजेत्या खेळाडूची बोली जिंकणारा जमलेल्या रकमेचा मोठा वाटा घेई. १९५५ मध्ये न्यूयॉर्कजवळील डीपडेल क्लबमध्ये खोट्या हँडिकॅपच्या आधारे अशी पैज जिंकल्याचे उघडकीस आले आणि अमेरिकन गोल्फ संघटनेने या प्रथेला विरोध केला.

कारागिराकडून धनिकाकडे :

१९२० मध्ये डील येथील ओपन स्पर्धेत व्यावसायिकांना क्लबगृहात प्रवेश नव्हता. त्यावर वॉल्टर हेगन यांनी भाड्याने घेतलेल्या आलिशान मोटारीचाच पोशाखगृहासारखा वापर केला. पुढच्या चार दशकांत हे चित्र पालटले. १९६० च्या सुमारास मार्क मॅकॉर्मॅक यांनी अर्नोल्ड पामर यांच्या नावाचे व्यापारी मूल्य ओळखून खेळाडू-व्यवस्थापनाचा व्यवसाय उभा केला. १९६८ मध्ये पामर हे कारकिर्दीत १० लाख डॉलर बक्षिसे मिळविणारे पहिले गोल्फपटू ठरले. तथापि बक्षिसापेक्षा जाहिरात करारांचे उत्पन्न मोठे होऊ लागले. कालचा कारागीर स्वतःच धनिक झाला आणि त्याला पाठीराख्याची गरज उरली नाही.

दोन उदाहरणे :

जॉन डॅली यांनी १९९१ मध्ये राखीव यादीतून ऐनवेळी प्रवेश मिळवून पीजीए अजिंक्यपद जिंकले. बक्षीस होते २,३०,००० डॉलर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी सुमारे बारा वर्षांत ५ ते ६ कोटी डॉलर जुगारात गमावल्याचे नमूद केले. पीजीए टूरवरील त्यांची एकूण बक्षिसे मात्र सुमारे १ कोटी डॉलरची. म्हणजे हरलेला पैसा प्रामुख्याने मैदानावर मिळविलेला नव्हता, तो प्रसिद्धीने मिळवून दिलेला होता. त्यांनीच सांगितल्यानुसार २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे टायगर वुड्स यांच्याकडून प्लेऑफमध्ये हरून ७,५०,००० डॉलर मिळाल्यावर ते थेट लास व्हेगासला गेले आणि काही तासांत साडेसोळा लाख डॉलर स्लॉट मशीनवर घालवून बसले.

फिल मिकलसन यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ॲलन शिपनक यांच्या २०२२ मधील चरित्रग्रंथात २०१० ते २०१४ या काळात ४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाल्याचे म्हटले आहे. बिली वॉल्टर्स या व्यावसायिक पैजकाराने २०२३ मध्ये हा आकडा एकूण १० कोटींच्या आसपास नेला. वॉल्टर्स यांना २०१७ मध्ये शेअर व्यवहारांतील गैरप्रकाराबद्दल शिक्षा झालेली होती आणि उभयतांचे संबंध बिघडलेले होते, हे त्यांची साक्ष तोलताना लक्षात घेतले पाहिजे. रायडर चषकावर पैज लावू पाहिल्याचा त्यांचा आरोप मिकलसन यांनी नाकारला. याउलट अमेरिकेच्या रोखे आयोगाची २०१६ मधील नोंद अधिकृत आहे. डीन फूड्सच्या शेअरमधून झालेला सुमारे ९,३१,००० डॉलरचा नफा व्याजासह परत करण्यास मिकलसन यांनी संमती दिली. त्यांच्यावर गैरकृत्याचा आरोप नव्हता. परंतु त्या वेळी ते वॉल्टर्स यांचे पैजेतील देणे लागत होते, असे आयोगाने म्हटले. २०२३ मध्ये मिकलसन यांनी आपला जुगार व्यसनाच्या पातळीला गेल्याची आणि त्याची झळ कुटुंबाला बसल्याची जाहीर कबुली दिली.

मीमांसा :

१९९१ मध्ये डॅली यांना जे अजिंक्यपद २,३०,००० डॉलर देऊन गेले, तेच २०२१ मध्ये पन्नाशीतल्या मिकलसन यांना २१,६०,००० डॉलर देऊन गेले. तीस वर्षांत बक्षीस नऊपटींहून अधिक वाढले. पण गोल्फपटूला पगार नसतो; ‘कट’ चुकला की त्या आठवड्याची कमाई शून्य असते. अनिश्चितता ही त्याच्या पेशाची सवय बनते. एका होलवरील चूक पुढच्या होलवर भरून काढण्याची जिद्द मैदानात गुण ठरते. जुगाराच्या यंत्रापुढे तीच जिद्द घातक होते, कारण तेथे कौशल्याला वाव नसतो आणि दीर्घकाळात गणित नेहमी मालकाच्या बाजूचे असते. संपत्तीचे दडपण ते हेच : ती माणसाला हरण्यापासून वाचवीत नाही, तर थांबण्याची वेळ लांबविते. निर्धनाला रिकामा खिसा थांबवितो. धनिकाला थांबविणारे बाहेर कोणीच नसते.

निष्कर्ष :

एकोणिसाव्या शतकातील खेळाडू दुसऱ्याच्या पैशासाठी खेळत असला, तरी त्या व्यवस्थेत पणाला एक बाह्य मर्यादा होती. आर्थिक स्वातंत्र्याने त्याची सामाजिक अवहेलना संपविली, ही निःसंशय प्रगती होय. मात्र त्याच स्वातंत्र्याने पणाची मर्यादाही नाहीशी केली. पीजीए टूरने २०१८ पासून खेळाडूंना व्यावसायिक गोल्फवर पैज लावण्यास मनाई केली आहे. हा नियम स्पर्धेच्या शुचितेचे रक्षण करतो. खेळाडूचे नाही, कारण कॅसिनो आणि अन्य खेळांवरील पैजा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. खेळाडूच्या संपत्तीचा इतिहास लिहिताना कमाईच्या आकड्यांइतकेच, ती कमाई पेलण्यासाठी कोणती व्यवस्था उभी राहिली, हेही तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.