दुखण्याला नाव मिळेपर्यंत



आज तुम्हाला एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की गड, लढाया आणि राजे आठवतात. बी.ए.ला मीही तेच शिकले. पण आमच्या बचत गटाच्या कर्जवहीतही इतिहास असतो. कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना आहे. त्यात बियाणं, शेळी, शाळेची फी यांच्या जोडीला एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे औषधपाणी. एका नावापुढे तर तो तीन वर्षांत सहा वेळा आला आहे. ते नाव माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. तिला विचारूनच सांगते आहे.

आक्काची मान, खांदे, कंबर, मांड्या, सगळंच दुखायचं. रात्री झोप लागायची, पण सकाळी उठायची ती रात्रभर ऊस तोडल्यासारखी. एक्स-रे काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. एका दवाखान्यात सांगितलं, "बाई, तुम्हाला काही झालेलं नाही." घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काही झालं नाही ना? मग उठ, भाकऱ्या कर."

मग तिनं काय काय घेतलं? आठवड्याला एक सुई. त्यानंतर सलाईन. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ दुखणं मारायची गोळी, पोटात जळजळ सुरू होईपर्यंत. शेवटी बाजारातून आणलेल्या बिननावाच्या पुड्या. पुड्यांनी आठ दिवस बरं वाटलं, नंतर चेहरा सुजला. कर्ज मात्र वाढत गेलं.

या आजाराला आज फायब्रोमायल्जिया म्हणतात. यात सांधा झिजत नाही, हाड मोडत नाही, म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. पण दुखणं खरं असतं. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा आणि तो ऐकणारा मेंदू, तिथं बिघाड असतो. रेडिओचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवावा आणि बटण सापडू नये, तसं. साधा हात लागला तरी दुखतं. त्याबरोबर थकवा येतो, झोप भरत नाही, विसरायला होतं. हा आजार पुरुषांनाही होतो, पण बायकांमध्ये जास्त आढळतो.

आता याचा इतिहास ऐका. १९०४ साली लंडनचे नामांकित डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर व्याख्यान दिलं आणि अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' असं नाव दिलं. नावाचा अर्थ होतो स्नायूंच्या धाग्यांना आलेली सूज. त्यांच्या उपायांत चक्क कोकेनची सुई होती. त्या काळी कोकेन बधिर करायचं औषध म्हणून सर्रास वापरत. नाव पुढं सत्तर वर्षं टिकलं, पण सूज काही कुणाला ठामपणे सापडली नाही. नाव चुकलं की औषधही चुकतं. सूज आहे असं धरलं की सूज उतरवायची गोळी दिली जाते.

इथं एका बापलेकाची गोष्ट आहे. अमेरिकेतले डॉक्टर फिलिप हेंच यांना १९५० साली दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. संधिवातानं जखडलेल्या रुग्णांना कॉर्टिसोन या स्टिरॉइडचा गुण येतो, हे त्यांनी दाखवलं होतं. त्यांचा मुलगा कॅहलर हेंच हाही सांधेदुखीचाच डॉक्टर झाला. १९७६ साली मुलानं सुजेचं जुनं नाव सोडून 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ धाग्यांचं आणि स्नायूंचं दुखणं, एवढाच. पुढं १९८५ साली या आजारावर स्टिरॉइडची गोळी तपासून पाहिली, तर काही उपयोग दिसला नाही. म्हणजे वडिलांना नोबेल मिळवून देणारी औषधाची जात मुलानं नाव दिलेल्या आजारावर चालली नाही. मैत्रिणींनो, अंगदुखीच्या बिननावाच्या पुडीत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग खरा धागा कुठं सापडला? झोपेत. १९७५ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये डॉ. हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप काही रात्री मुद्दाम मोडली. त्यांचंही अंग दुखू लागलं, हात लावला तर दुखू लागलं. रात्री बाळासाठी, पहाटे पाण्यासाठी, मोटारीची लाईट येईल तेव्हा उठणाऱ्या बाईला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पण तिचं म्हणणं कागदावर तेव्हा आलं.

१९८१ साली अमेरिकेत डॉ. मोहम्मद युनुस यांनी असे पन्नास रुग्ण आणि पन्नास निरोगी माणसं शेजारी शेजारी ठेवून तपासली. बचत गटातल्या बायांना हे नाव ओळखीचं वाटेल, पण ग्रामीण बँकवाले युनुस ते वेगळे, हे डॉक्टर वेगळे. त्यांनी दाखवलं की या रुग्णांच्या तक्रारींना एक ठरलेला साचा आहे, कुणी मनानं रचून सांगत नाही. १९९० साली अमेरिकेतल्या सांधेविकार तज्ज्ञांच्या संस्थेनं नियम केला की अंगावरच्या १८ ठरलेल्या जागांपैकी ११ जागा दाबल्यावर दुखल्या पाहिजेत. २०१० साली तो नियम बदलला. जागा दाबून मोजण्याऐवजी किती भाग दुखतात, झोप कशी आहे, थकवा किती आहे, हे विचारायचं ठरलं. शंभर वर्षांनी का होईना, बाईला विचारणं हीच तपासणी झाली.

औषधांचं म्हणाल तर १९८६ साली अमेरिकेत दोन गोळ्या समोरासमोर तपासल्या. एक नॅप्रोक्सेन ही दुखणं मारायची गोळी, दुसरी ॲमिट्रिप्टिलिन, जी उदासपणाच्या आजारासाठी निघाली होती. ती रात्री झोपताना फार कमी मात्रेत दिली. गुण दुसरीनं आला, नॅप्रोक्सेननं फारसा आला नाही. पुढं अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानं या आजारासाठी २००७ साली प्रीगॅबालिन, २००८ साली ड्युलॉक्सेटिन आणि २००९ साली मिल्नासिप्रान मंजूर केलं. युरोपच्या खात्यानं मात्र याच तीन औषधांना या आजारासाठी नकार दिला. फायदा थोडा आहे आणि त्रासाच्या मानानं पुरेसा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा प्रीगॅबालिननं दुखणं बरंच कमी होतं ते साधारण दहातल्या एकीचं, असं दिसलं. उरलेल्या नऊ जणींनी औषध नीट घेतलं नाही असा त्याचा अर्थ नाही. औषध प्रत्येकीला लागू पडतंच असं नाही, एवढाच अर्थ.

आपल्याकडचंही सांगते. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमात घरोघर जाऊन विचारपूस केली. चार हजारांवर मोठ्या माणसांत दर शंभरी साधारण अठरा जणांना सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं होतं, आणि त्यात बायका जास्त. म्हणजे आपली वहीतली नोंद एकट्या आक्काची नाही.

आक्काला हे नाव जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंनी दिलं. त्यांनी आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन बघितलं आणि मग रात्रीची छोटी गोळी लिहून दिली. औषध दुकानात कुणीतरी म्हणालं, "ही तर डोक्याच्या आजाराची." आक्कानं घाबरून चौथ्या दिवशी बंद केली. तेव्हा मला १९८६ सालची गोष्ट माहीत असती, तर तिचे आणखी सहा महिने वाचले असते. हे भाषण त्याचसाठी आहे.

पुन्हा सुरू केल्यावर तोंड कोरडं पडायचं, पण झोप भरू लागली. मग प्रीगॅबालिन दिलं तर चक्कर आली, पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी मात्रा हळूहळू उतरवून ते बंद केलं. ही औषधं एकदम सोडायची नसतात, एवढं ध्यानात ठेवा. पुड्या खूप दिवस खाल्ल्या असतील तर त्याही मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवूनच करा.

आणि सगळ्यात भरवशाचा उपाय? २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी सगळे अभ्यास चाळून ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली, ती म्हणजे व्यायाम. आक्का हसली. "दिवसभर राबते, अजून काय व्यायाम?" पण राबणं वेगळं. ओणवं राहून खुरपणं म्हणजे त्याच स्नायूंना तोच ताण. आता ती संध्याकाळी आमच्या दोघी-तिघींबरोबर चालते. पहिल्या आठवड्यात देवळापर्यंत पाच मिनिटं, आता ओढ्यापर्यंत. वाढवायचं ते हळूहळू, नाहीतर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं.

दुखणं गेलं का? नाही. आधी दहा होतं, आता पाच-सहा असतं, असं तीच सांगते. थंडीत वाढतं. पण या वर्षी तिच्या नावापुढे औषधपाण्याचं कर्ज नाही. शेळी घेतली आहे.

तुमच्या गटातही अशी कुणी असेल. तिला गोळी सुचवू नका. सांधा सुजत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल तर दुखणं वेगळं असू शकतं, म्हणून आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करायला लावा. औषध मिळालं की तीन गोष्टी विचारा: हे कशासाठी, गुण किती दिवसांनी बघायचा, त्रास झाला तर काय करायचं. चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा, गटाची वही जपतो तशा. आणि सगळ्यात आधी तिला एवढं सांगा, "तुझं दुखतंय, हे खरं आहे."