शेणसारवणापासून लिथियमच्या बॅटरीपर्यंत

पेडणे तालुक्याच्या इतिहासात ११ डिसेंबर २०२२ या दिवसाची नोंद दोन गोष्टींसाठी होईल. मोपच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्था या दोहोंचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते त्याच दिवशी झाले. १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेला, ‘नव्या काबिजादीं’त मोडणारा हा तालुका. जांभ्या दगडाचे उघडे सडे, काजूची बने, सखल भागातील भातशेती आणि एकेकाळी पणजीपासून दूर वाटणारी गावे, असे त्याचे रूप होते. ५ जानेवारी २०२३ पासून मोपला प्रवासी विमाने उतरू लागली. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची, हे सर्व त्या वेळी वृत्तपत्रांतून छापून आले. तथापि ४४ लाख प्रवासी म्हणजे दिवसाकाठी सरासरी बारा हजार माणसे, अर्थात चोवीस हजार पावले, आणि पावसाळ्याचे चार महिने त्या पावलांना लागलेला तांबडा चिखल, हा हिशेब कोणी मांडला नाही. धारगळच्या अडीचशे खाटांच्या रुग्णालयाच्या बाबतीतही तेच. एका दिवसात पेडण्याच्या वाट्याला एवढी मोठी फरशी आली, की तेवढी पूर्वी कोणाच्या कल्पनेतही आली नसेल. ती रोज धुवावयाची कशी आणि कोणी, या प्रश्नाला मात्र इतिहास आहे, व तो पाहण्याजोगा आहे.

पन्नाशी उलटलेल्या कोणत्याही श्रोत्याला आपल्या किंवा आजोळच्या घरातील सारवलेली जमीन आठवत असेल. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत चिऱ्याची भिंत, कौलारू छप्पर आणि पायाखाली चोपून घट्ट केलेली तांबडी माती, ही सर्वसामान्य घराची घडण होती. या जमिनीला पाण्याने धुणे ठाऊक नव्हते. पाणी हा तिचा शत्रूच. तिच्यावर शेणाचा पातळ लेप द्यावयाचा, हाताच्या तळव्याने अर्धवर्तुळे काढीत मागे मागे सरकावयाचे आणि ती वाळेपर्यंत कोणी पाऊल टाकणार नाही याकडे लक्ष ठेवावयाचे. खरे पाहू गेल्यास ही स्वच्छता नव्हे, नूतनीकरण होते. मळलेला थर काढून टाकण्याऐवजी त्यावर नवा थर चढविला जाई. श्रम बाईचे, साधन तिचा हात, आणि शेण गोठ्यातले. अंगणातील केरासाठी माडाच्या हिरांचा खराटा आणि घरात केरसुणी, एवढ्यावर शतके निभावली.

श्रीमंत घरांची गोष्ट निराळी. देसाई-देशप्रभूंच्या वाड्यांत दगडी फरशी, राजांगणाभोवती कोबा, पुढे मंगळुरी लाद्या आल्या. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना घातला आणि त्या धर्तीच्या कारखान्यांतली कौले व लाद्या गलबतांतून सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरल्या. गोव्यातील मोठ्या घरांत आणि चर्चमध्ये रंगीत लाद्यांची नक्षीही दिसते. परंतु सामान्यांच्या पायाखाली लादी आली ती १९६१ च्या मुक्तीनंतरच. सिमेंट सहज मिळू लागले, आखातातून आणि बोटींवरून पैसे येऊ लागले, डिचोलीत खाणींवरील ट्रकांचा धंदा वाढला, आणि एकेक घर सारवणातून लादीत गेले. लादीवर पाणी ओतता येते, हाच तिचा मोठा गुण. त्या गुणाबरोबर एक नवे कष्टही घरात आले. ओल्या फडक्याने, उकिडवे बसून, गुडघ्यांवर सरकत लादी पुसावयाची. सारवण आठवड्यातून एकदा किंवा सणावारी होई. लादी रोज मळते आणि रोज दिसते. डिचोलीसारख्या गावात तर खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ दुपारपर्यंत पुन्हा लादीवर बसलेली असे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा अनेकांची रोजी गेली, हे खरेच. पण घर पुसणाऱ्या बायकांच्या तोंडून त्या धुळीविषयी कोणी चांगले बोललेले ऐकिवात नाही.

घराची लादी फडक्याने पुसता येते. हजारो चौरस मीटरची फरशी पुसता येत नाही. पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न कारखाने, रुग्णालये आणि रेल्वे स्थानके यांनी प्रथम उभा केला. इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट बूथ याने १९०१ साली धूळ शोषून घेणारे यंत्र तयार केले. ते इतके मोठे होते, की घोडागाडीवर ठेवून रस्त्यावर उभे करीत आणि नळ्या खिडकीतून घरात नेत. अमेरिकेत टेनंट या लाकूडकामाच्या कंपनीने १९३२ च्या सुमारास लाकडी जमिनीची निगा राखण्याचे यंत्र काढले. त्यांतून पुढे आज विमानतळांवर दिसणारे यंत्र घडत गेले. पुढे फिरणारा ब्रश, पोटात स्वच्छ पाण्याची टाकी, मागे रबरी पट्टी, आणि पट्टीने गोळा झालेले मळके पाणी ओढून घेणारा पंखा व दुसरी टाकी. यंत्र पुढे गेले की मागची फरशी जवळजवळ कोरडी. ओल्या फरशीवर घसरून माणसे पडतात. विमानतळावर आणि रुग्णालयात ही गोष्ट सौंदर्याची नसून सुरक्षिततेची आहे. भारतातही अशी यंत्रे आता बनतात. कोइंबतूर हे त्यांचे एक ठिकाण.

आरंभीची यंत्रे वायरीवर चालत. पाणी, वीज आणि माणसांची वर्दळ या तिन्हींचा संगम असलेल्या जागी पन्नास फूट वायर ओढीत नेणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून बॅटरी आली, आणि बॅटरी म्हणजे शिशाची. गास्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारता येणारा घट सिद्ध केला. १८८१ मध्ये कामी फोर याने पत्र्यांवर लुकण भरण्याची युक्ती काढली आणि घटाची शक्ती वाढली. आजची शिशाची बॅटरी मूलतः तीच. स्वस्त, ओळखीची, भंगारातही किंमत येणारी.

डिचोलीच्या ट्रकवाल्यांना शिशाच्या बॅटरीची ओळख करून द्यावयास नको. परंतु नेमक्या याच ओळखीतून फसगत होण्याचा संभव असतो. ट्रकची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर प्रचंड वीज देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. तिचे पत्रे पातळ आणि पुष्कळ असतात. फरशी धुण्याच्या यंत्राला तीन-चार तास मंद, सतत वीज हवी असते, आणि त्यासाठी जाड पत्र्यांची निराळी बॅटरी लागते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पहिली दुसरीच्या जागी बसविली तर काही महिन्यांतच ती निकामी होते, आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

योग्य जातीची शिशाची बॅटरी घेतली तरी तिची सेवा करावी लागते. ती भरावयास आठ ते दहा तास लागतात व नंतर निवू द्यावी लागते. मधल्या सुट्टीत अर्धा तास भरून पुन्हा कामाला जुंपणे तिला मानवत नाही. अर्धवट रिकामी ठेवली तर पत्र्यांवर कठीण क्षार जमतो. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरे, म्हणून खोली हवेशीर लागते. आठवड्याला झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावयाचे, टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा थर पुसावयाचा. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत तो लवकर चढतो. हे काम कोण करते? यंत्र पसंत करणारे साहेब नव्हेत. ठेकेदाराकडे रोजावर लागलेला, रात्रपाळीचा, बहुधा हातमोजे न मिळालेला माणूस करतो. यंत्र निवडणारा एक आणि हाताला आम्ल लागणारा दुसरा, ही गोष्ट बाजारभावाच्या कोष्टकात कोठेही दिसत नाही.

लिथियमचा इतिहास याहून जुना आणि याहून नवा आहे. मूलद्रव्य म्हणून त्याचा शोध १८१७ साली स्वीडनमध्ये आर्फवेडसन याने लावला, तोही एका खनिजात. म्हणून ग्रीक भाषेतील ‘दगड’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. नाव दगडाचे, परंतु धातूंमध्ये सर्वांत हलका हाच. पाण्यावर तरंगेल इतका. त्या हलकेपणामुळे बॅटरीसाठी त्याच्यावर अनेकांची दृष्टी होती, पण तो तापट असल्याने हाताळणे कठीण. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, १९८० साली ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि १९८५ साली जपानात अकिरा योशिनो यांनी एकेक पायरी चढविली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फरशीच्या यंत्रांपुरते बोलावयाचे तर १९९७ हे साल अधिक महत्त्वाचे. अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी त्या वर्षी लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगाचा बॅटरीसाठी उपयोग दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. महाग कोबाल्ट गेले, लोखंड आले. फॉस्फेट आपला प्राणवायू घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ही बॅटरी तापली तरी कोबाल्टच्या जातीसारखी सहज भडकत नाही. जेथे शेकडो माणसे जमतात त्या इमारतीत लिथियमची हीच जात घ्यावी, असे म्हणावयास हरकत नाही. विकणाऱ्याने नुसते ‘लिथियम’ म्हटले, तर कोणते लिथियम, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

आता तुलना. २४ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी १३० ते १५० किलो भरते; तेवढ्याच शक्तीची लोह-फॉस्फेटची सुमारे ५०. शिशाची दर वेळी पाचांतील चार हिश्श्यांपर्यंतच वापरावी, अधिक वापरल्यास तिचे आयुष्य घटते. दुसरी जवळजवळ पूर्ण वापरता येते. शिशाची पाचशे ते हजार फेऱ्या चालते, लोह-फॉस्फेटची दोन ते चार हजार. ती दोन-तीन तासांत भरते, मधल्या वेळी थोडी थोडी भरली तरी बिघडत नाही, पाणी मागत नाही. पावसाळ्यात वीज येत-जात असताना हा गुण मोलाचा. शिवाय शिशाची बॅटरी संपत आली की ब्रश मंदावतो आणि फरशीचा शेवटचा भाग मळकटच राहतो. लिथियमची शेवटपर्यंत एकसारखी वीज देते.

एवढे ऐकून प्रत्येकाने लिथियमच घ्यावे असे मात्र नव्हे. फेऱ्यांचा हिशेब इमारतीगणिक बदलतो. रोज एकदा यंत्र चालणाऱ्या संस्थेत ८०० फेऱ्या सव्वादोन वर्षांत संपतात आणि २,४०० फेऱ्या साडेसहा वर्षांत. तेथे एका लिथियमच्या काळात शिशाचे तीन संच बदलावे लागतात, व पहिल्या दिवशी मोजलेले जादा पैसे परत येतात. विमानतळासारख्या अहोरात्र जागणाऱ्या जागी तर आठ तास उभे राहणारे यंत्र परवडतच नाही. एकाच्या जागी दोन ठेवावी लागतात. रुग्णालयात आम्लाची आणि वायूची खोली टळते, हाच मोठा लाभ. परंतु साखळी किंवा डिचोलीतील एखादे मंगल कार्यालय घ्या, जेथे हंगामात आठवड्याला एक लग्न आणि पावसाळ्यात काहीच नाही. तेथे ८०० फेऱ्या पंधरा वर्षांतही पुऱ्या होणार नाहीत. त्याआधी बॅटरी वयानेच मरेल. जी फेरी कधी वापरली जाणार नाही तिचे पैसे कशाला द्यावयाचे? तेथे शिशाची, वेळेवर भरून ठेवलेली बॅटरी पुरते. लहान सभागृहाला तर यंत्रही नको. लांब दांड्याचे पुसणे आणि दोन बादल्या पुष्कळ झाल्या.

जुन्या यंत्रात नवी बॅटरी घालणाऱ्यांची आणखी एक अडचण होते. काही यंत्रांची घडणच शिशाच्या वजनावर बेतलेली असते. ते वजन चाकांना पकड देते, काहींत ब्रशही दाबून धरते. शंभर किलो एकदम कमी झाले की चाक घसरते, ब्रश वरवर फिरतो, आणि यंत्राच्या पोटात लोखंडाचे ठोकळे ठेवण्याची पाळी येते. हलकेपणासाठी पैसे मोजून पुन्हा वजन भरावयाचे, हा विनोद नव्हे, वस्तुस्थिती आहे. चार्जरही बदलावाच लागतो. शिशाच्या चार्जरवर लिथियमची बॅटरी लावणे धोक्याचे आहे. प्रत्येक घटावर लक्ष ठेवून वेळीच वीज तोडणारे नियंत्रक मंडल आत आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. निविदांमध्ये बहुधा व्होल्ट आणि अँपिअर-तास एवढेच लिहिलेले असते. दिवसाला किती तास काम, मध्ये भरण्यास किती वेळ, आणि भरण्याची जागा कोरडी व हवेशीर आहे काय, या तीन ओळी त्यांत घातल्या तर अर्धी निवड तेथेच होऊन जाईल.

राहिला प्रश्न शेवटाचा. शिशाची मेलेली बॅटरी भंगारवाला वजनावर पैसे देऊन घेऊन जातो. तिच्यातले शिसे पुन्हा वितळून नवी बॅटरी होते, जरी ते वितळणे पुष्कळदा उघड्यावर, धुरात आणि आसपासच्या मुलांच्या आरोग्याला बाधा आणून होत असले तरी. लिथियमच्या मेलेल्या बॅटरीला तसा बाजार अजून नाही. ती कचऱ्याच्या गाडीत चेपली गेल्यास पेटू शकते. केंद्र शासनाने २०२२ साली केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून खरेदीच्या कागदावर किमतीखाली आणखी एक ओळ हवी: सहा-सात वर्षांनी ही बॅटरी पेडण्याहून किंवा डिचोलीहून कोण, कोणाच्या खर्चाने घेऊन जाणार, त्याचे नाव आणि सही.