पाद्रीबुवांच्या नावाचा पेला

कायद्याच्या वर्गात मी ‘कासी द दिजों’ खटला शिकवायला घेतला की मागच्या बाकांवरचेही सावरून बसायचे. दारूवरून खटला म्हटल्यावर दुसरं काय होणार! पश्चिम जर्मनीचा नियम होता, फळांच्या लिक्यरमध्ये किमान २५ टक्के अल्कोहोल हवं. दिजोंच्या कासीत जेमतेम १५ ते २० टक्के, म्हणून आयात अडवली. १९७९ साली युरोपीय न्यायालयानं तो नियम मोडीत काढला: एका सदस्य देशात रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्यानं सबळ कारणाशिवाय अडवायचा नाही.

निकाल पाठ होता, म्हणून मग त्या बाटलीचाही इतिहास वाचून काढला. दिजों हे फ्रान्सच्या बर्गंडीतलं मुख्य शहर. कासी म्हणजे काळ्या करंटचं लिक्यर. फळ आपल्या पिकल्या करवंदासारखं काळंभोर आणि आंबट. ते मद्यार्कात मुरवायचं, गाळायचं आणि भरपूर साखर घालायची. ‘क्रेम’ म्हणवून घ्यायचं तर लिटरमागे किमान ४०० ग्रॅम. हा धंदा दिजोंमध्ये लागूत यांनी १८४१ मध्ये सुरू केला.

त्याच प्रांतात आलिगोते नावाची पांढरी द्राक्षं पिकतात. मानमरातब सगळा शारदोनेचा. आलिगोतेची वाइन आंबटढाण, म्हणून स्वस्त. तिच्यात कासी घालून प्यायची रीत तिथल्या कॅफेंत जुनीच. तिला म्हणत ब्लां-कासी.

फेलिक्स किर हे कॅथलिक पाद्री १९४५ पासून १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत दिजोंचे महापौर होते. नगरपालिकेत कुणीही पाहुणा आला की त्याच्या हाती ते हाच पेला देत. गावचं फळ, गावची वाइन, जाहिरातीचा खर्च शून्य! पेल्याला त्यांचंच नाव पडलं. १९५१ मध्ये त्यांनी लजे-लागूत कंपनीला ते वापरायची लेखी परवानगी दिली, पुढे तिच्या प्रतिस्पर्ध्यांनाही दिली. मग व्हायचं तेच झालं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९२ मध्ये हक्क लजे-लागूतकडेच राहिला.

किर यांनी हे पेय शोधलं, असं म्हणणं चूक आहे. त्यांनी ते खपवलं, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं तेच मोठं काम.

करून पाहणार असाल तर पेल्यात आधी कासी ओता, वरून गार वाइन. पूर्वी तिसरा हिस्सा कासी घालत. आता पाचवा पुरतो. वाइन मात्र साधी, आंबटसर घ्या. महागडी यात वाया जाते.