मागची काच बदलणे (स्मार्टफोन)

मागची काच बदलणे : स्मार्टफोनच्या पाठीवरचे फुटलेले काचेचे आवरण काढून तिथे नवे बसवणे. दुकानात याला ‘बॅक ग्लास’ किंवा ‘बॅक पॅनेल’ बदलणे म्हणतात. समोरच्या पडद्याला ‘डिस्प्ले’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात, त्याचा या नोंदीशी संबंध नाही. कामाचा बहुतेक वेळ काचेवर जात नाही, जुना गोंद सोडवण्यात आणि नवा नीट लावण्यात जातो. म्हणून हे काम घरी जमेल की नाही, ते कारखान्यात काच कशी चिकटवली यावरच बरेचसे ठरते. पुढील विवेचन ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतला पाऊस, धूळ आणि बाजाराचे अंतर ध्यानात ठेवून केले आहे.

पाठीला काच आली कशी : २०१० च्या आयफोन ४ ला पुढून-मागून काच होती. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये ॲपल ॲल्युमिनियमकडे वळली. सॅमसंगने २०१५ मध्ये गॅलेक्सी एस६ ला काचेची पाठ दिली आणि २०१७ मध्ये आयफोन ८ व आयफोन एक्ससोबत ॲपलही काचेवर परतली. दिसण्याची हौस होतीच, पण तांत्रिक कारणही होते. वायरलेस चार्जिंगमध्ये चार्जरच्या वेटोळ्यातले बदलते चुंबकीय क्षेत्र फोनमधल्या वेटोळ्यापर्यंत पोचावे लागते. मध्ये धातूचा पत्रा आला तर त्या पत्र्यातच भोवरे-प्रवाह निर्माण होतात, ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि फोन नुसताच तापतो. अँटेनाच्या लहरींनाही धातू आडवा येतो, काच येत नाही. भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये ९,९९९ रुपयांपासून जाहीर झालेल्या रेडमी नोट ७ ला काचेची पाठ होती, वायरलेस चार्जिंग मात्र नव्हते. म्हणजे स्वस्त फोनमध्ये काच आली ती निव्वळ दिमाखासाठी, आणि फुटण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या वाट्याला आला.

ही काच खिडकीच्या काचेसारखी नसते. ती सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतले लहान सोडियम आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. त्यामुळे ती चटकन ओरखडत नाही आणि थोडा वाकही सहन करते. पण कोपरा रस्त्यावरच्या खडीच्या टोकावर आपटला, की तडे जाळ्यासारखे पसरतात.

आधी ओळख : फुटलेली पाठ खरोखर काचेचीच आहे का, हे पाहावे. कमी किमतीच्या बऱ्याच फोनची चकचकीत पाठ पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते. प्लास्टिक नखाने टकटक केल्यास बद्द वाजते, हाताला काचेइतके गार लागत नाही आणि फुटले तर चीर जाते, कुसळे निघत नाहीत. पाठ प्लास्टिकची असेल तर काम अर्ध्याने सोपे होते. काही मॉडेलांत ती नुसत्या खटक्यांवर बसवलेली असते आणि गोंदाचा प्रश्नच येत नाही.

स्थानिक परिस्थिती : शहापूरचे रेल्वे स्थानक आसनगाव. तिथून लोकलने थेट सीएसएमटीला जाता येते आणि मोबाइलच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेले मनीष मार्केट त्या स्थानकापासून पायी जाण्याइतके जवळ आहे. मुरबाडला रेल्वे नाही. तिथला माणूस कल्याणचा रस्ता धरतो. डोळखांब, किन्हवली किंवा टोकावड्याकडच्या माणसाला काच टाकून आणायची म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, आणि पॅनेलच्या किमतीत तो सहसा कुणी धरत नाही. फोनवाचून दिवस काढणेही आता सोपे राहिलेले नाही. मुरबाड तालुक्यातले धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा भर कार्ड स्वाइप करण्याच्या यंत्रांवर होता. पुढे क्यूआर कोड आले आणि व्यवहार फोनवर गेला. घरी काच बदलण्याचा मोह होतो तो असा, पैशांपेक्षा वेळेपायी.

कृती : अँड्रॉइड फोनची काच बहुधा दुहेरी चिकटपट्टीसारख्या गोंदाने कडेकडेने चिकटवलेली असते. तो गोंद ऊब मिळाली की सैल पडतो. आधी माहितीची प्रत काढून ठेवावी, बॅटरी पाव हिस्सा उरेल इतकी उतरू द्यावी, फोन बंद करून सिमचा ट्रे बाहेर काढावा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत, कारण या कामात रक्त निघते ते अवजारांनी नाही, काचेच्या कुसळांनी. फुटक्या काचेवर सक्शन कप धरत नाही. त्यासाठी रुंद पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण पाठीवर ताणून लावावी. तुकडे जागेवर राहतात आणि कपालाही पकड मिळते.

ऊब कडेने फिरवत द्यायची. दुकानात हीट गन किंवा गरम प्लेट असते, घरी केस वाळवायचा ड्रायर पुरतो. कड ७० ते ८० अंशांपर्यंत तापली की बोट क्षणभरच टेकवता येते, तेवढे पुरे. बॅटरीच्या मध्यभागावर झोत धरून ठेवू नये. गॅसच्या ज्योतीवर किंवा तव्यावर फोन ठेवण्याचे धाडस तर कुणीच करू नये. तिथे तापमानावर ताबा राहत नाही आणि बॅटरी तव्याला सर्वांत जवळ असते. फट पडली की प्लास्टिकची पातळ पिक आत सरकवावी, कडेपासून काही मिलिमीटरच, आणि ती न काढता दुसरी पुढे चालवावी, नाहीतर मागचा गोंद पुन्हा धरतो. गोंद अडला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब फटीत सोडावेत, मात्र अल्कोहोल आत असताना ड्रायर लावू नये. मध्येच वीज गेली तर ओढाताण न करता पिक तशाच ठेवून थांबावे.

सगळ्या बाजू सुटल्या तरी काच झटकन उचलायची नाही. ज्या फोनचा बोटठशाचा सेन्सर पाठीवर आहे, उदाहरणार्थ वर उल्लेखलेला रेडमी नोट ७, त्यात सेन्सरची नाजूक स्ट्रिप काचेपासून मदरबोर्डापर्यंत गेलेली असते. काच पुस्तकाच्या पानासारखी एका कडेवर उघडावी, स्ट्रिप कुठे आहे ते पाहावे, शक्य असेल तर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा आणि मगच स्ट्रिप काढावी. हौशी दुरुस्तीत फोन बिघडतो तो बहुधा इथे. काच दोन-चारशे रुपयांची आणि तुटलेला सेन्सर त्याहून डोईजड, असा सौदा होऊन बसतो.

फ्रेमवरचा जुना गोंद प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून अल्कोहोलने पुसावा. याचा कंटाळा येतो, म्हणून तो अर्धवट होतो आणि नवी काच एका कोपऱ्यात उचललेली राहते. कॅमेऱ्याची भिंग-चौकट नव्या पॅनेलसोबत आली नसेल तर जुन्यावरची काढून लावावी. गोंद लावण्याआधी काच कोरडीच बसवून कडा जुळतात का ते पाहावे. मॉडेलप्रमाणे कापलेली तयार चिकटपट्टी मिळाली तर तीच उत्तम. नाहीतर बाजारात बी-७००० हा पारदर्शक आणि टी-७००० हा काळा गोंद मिळतो. त्याची बारीक रेघ पुरते. जास्त झाला तर माइकच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत शिरतो, आणि मग समोरच्याला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. क्लिपा किंवा रबर बँड लावून फोन काही तास दाबून ठेवावा. पूर्ण घट्ट व्हायला २४ ते ४८ तास लागतात.

आयफोनचे प्रकरण : आयफोन ८ पासून १३ पर्यंतच्या मालिकेत मागची काच धातूच्या फ्रेमवर सबंध पृष्ठभागभर चिकटवलेली आहे आणि कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या कड्या फ्रेमलाच पक्क्या केलेल्या आहेत. ड्रायरने ती सुटत नाही. मोठ्या शहरांतल्या दुकानांत लेझरचे यंत्र वापरतात. त्याचा किरण काचेतून आरपार जातो आणि खालचा रंग व गोंद जाळतो. त्या वेळी कॅमेरे झाकावे लागतात आणि धूर ओढून घ्यावा लागतो. नंतरही काच तुकड्या-तुकड्यांनीच निघते. कड्या काढाव्या लागू नयेत म्हणून बाजारात कॅमेऱ्याजवळ मोठी भोके असलेली काच विकतात, ती कड्यांवरून सरळ खाली बसते. २०२२ च्या साध्या आयफोन १४ व १४ प्लसमध्ये ॲपलने रचना बदलली आणि मागची काच स्वतंत्रपणे निघू लागली. त्याच वर्षीच्या प्रो मॉडेलांत मात्र जुनीच रचना राहिली. २०२३ च्या आयफोन १५ पासून सर्व मॉडेलांत काच सुटी निघते. ८ ते १३ आणि १४ प्रो यांच्या वाटेला घरी जाऊ नये, असे स्पष्ट मत इथे नोंदवणे योग्य ठरेल.

पावसाळा : फोनवर आयपी६७ किंवा आयपी६८ असे लिहिलेले असते. ते पाणी-धूळ रोखण्याचे मानांकन कारखान्यातल्या अखंड गोंदावर मिळालेले असते, आणि फोन एकदा उघडला की त्यावर विसंबता येत नाही. बी-७००० ची हाताने ओढलेली रेघ पाणी अडवेलच असे नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, यावरून इथल्या पावसाची कल्पना यावी. आषाढात लावणीला जाताना असा फोन प्लास्टिकच्या पिशवीतच हवा. दमट हवेत पाठ चिकटवून फोन बंद केला तर आत कोंडलेली वाफ गारव्यात कॅमेऱ्याच्या काचेवर धुके होऊन बसते. निकड नसेल तर हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करावे. फक्त भाताची झोडणी चाललेल्या खळ्याशेजारी बसू नये. ती बारीक धूळ गोंदावर बसली की काच धरत नाही.

बॅटरी : लिथियम-आयन बॅटरीला टोक लागले किंवा ती वाकली, तर आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. म्हणून बॅटरीजवळ धातूचे अवजार नेऊ नये. घमेलेभर कोरडी वाळू हाताशी ठेवावी. फुगलेली बॅटरी आधीच काच उचलत असेल तर हे काम काच बदलण्याचे राहतच नाही. तो फोन जाणकाराकडे न्यावा.

न बदलणे : मागची काच तडकली तरी फोन सहसा चालत राहतो. भिंगासमोर तडा नसेल आणि कुसळे निघत नसतील तर पारदर्शक चिकटपट्टी आणि जाड कव्हर हा उपाय अनेक जण वर्षानुवर्षे वापरतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

हक्क व नियम : वॉरंटी शिल्लक असेल तर घरी उघडलेल्या फोनवरचा दावा कंपनी नाकारू शकते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली आहेत. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर आणि फोन एकाच यादीत सापडतात ते इथे. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक ठरवण्यास २०२४ मध्ये नेमलेल्या, भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फ्रान्समध्ये फोन विकताना दहापैकी गुण दाखवण्याची पद्धत २०२१ मध्येच सुरू झाली होती.

निघालेले तुकडे चिकटपट्टीसकट जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून टाकावेत. उकिरड्यावर मोकळे टाकले तर ते शेणखतातून शेतात जातात आणि चिखलणीच्या वेळी पायात शिरतात.